हळदीच्या शिडाच्या पिशव्या

पिशवी शिवायला अक्कल लागत नाही असं म्हणणारी माणसं आमच्या गावात पुष्कळ आहेत. त्यांपैकी एकानंही आयुष्यात सुईत दोरा ओवलेला नाही. मी ओवला आहे आणि त्यापायी फौजदारासमोर उभा राहून आलो आहे. तेव्हा या विषयावर बोलायचा अधिकार माझा, त्यांचा नव्हे. गावाचं नाव मी लिहीत नाही. रेवसच्या जवळ आहे, एवढं पुरे. गावानं माझं नाव हवं तिथं घेतलं, मी गावाचं घेत नाही. हा माझा मोठेपणा समजा.

ज्या वर्षी देशभर लोक मीठ उचलायला निघाले, त्या वर्षीच्या वैशाखातली ही गोष्ट. मी धक्क्यावर मुंबईच्या बोटीची तिकिटं फाडतो, म्हणून लोक मला मास्तर म्हणतात. एके दिवशी भर धक्क्यावर आमच्या कुटुंबाची, म्हणजे कोकिळेची, बाजाराची पिशवी बुडातून गेली. वांगी, कांदे आणि सुकट पार पहिल्या वर्गाच्या उतारूंच्या बुटांपर्यंत पसरली. एक वकील माझ्या वांग्यावरून घसरले, ते थेट बसले. उठल्यावर वांग्याची क्षमा मागायची सोडून मलाच म्हणाले, "मास्तर, बायकोला धड पिशवी तरी घेऊन देत जा."

धक्का हसला. मी हसलो नाही. घरी जाऊन जाहीर केलं, "आजपासून विकतची पिशवी या घरात येणार नाही. पिशव्या मी शिवणार."

"तुम्ही?" कोकिळा म्हणाली.

या एका शब्दात किती अपमान भरता येतो हे लग्न झालेल्यांना सांगायला नको.

आता कापड. साध्या मांजरपाटाची पिशवी मला शिवायची नव्हती. मला अशी पिशवी हवी होती की जिच्यात वकील घातला तरी फाटू नये. असं कापड एकच, शिडाचं. कोळीवाड्यातल्या सोनूबाईच्या मासळीच्या पाट्यांसाठी मी पूर्वी बोट क्षणभर रोखून धरली होती. ती उपकार विसरणारी बाई नव्हे. मी विचारताच बोटीत चढता चढता ओरडून म्हणाली, "मागल्या पडवीत एक शीड हाय, आमच्या कामाचं न्हाय, ते न्या मास्तर! घरात कोन न्हाय, तुमीच घ्या!" आणि बोट सुटली.

पडवीत शिडं दोन होती. एक पांढरं, कोरं, व्यवस्थित घडी घातलेलं. दुसरं काळपट, ठिगळाठिगळाचं, वर पिवळे डाग पडलेलं. यातलं कामाचं कुठलं आणि बिनकामाचं कुठलं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मलाही कळलं. मी ठिगळांचं शीड डोक्यावर घेतलं आणि घरी आणलं. वाचकहो, तुम्हीही तेच केलं असतं. उगाच मान हलवू नका.

पिवळे डाग जाईनात. आमच्या शेजारी मनुबाई नावाची विधवा राहते. तिचा सल्ला आमच्या घरात न विचारता येतो, मांजरासारखा. ती कुंपणावरून म्हणाली, "सोडा घाला, उकळा आणि आपटा." मी सोडा घातला, उकळलं, आपटलं. डाग बरेच गेले. माझ्या तळहाताची कातडीही गेली.

मग शिवण. सिराजुद्दीन वाण्याच्या घरी हाताचं मशीन होतं. त्याच्या बिबीनं, महेरुन्निसानं, भल्या मनानं दिलं. पहिल्याच टाक्याला शिडाच्या कापडात मशीनची सुई मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. सिराजुद्दीन येऊन मशीन छातीशी धरून घेऊन गेला. जाताना म्हणाला, "मास्तरसाहेब, ये मशीन है, तोप नाय." तेव्हा मी गोणपाट शिवायचं दाभण काढलं आणि हातानं शिवू लागलो.

पहिली पिशवी उत्तम झाली. फक्त तिला तोंड नव्हतं. चारही बाजू मी सारख्याच तळमळीनं शिवल्या होत्या. दुसरीचा एक बंद लांब आणि एक आखूड झाला, त्यामुळे ती धरणारा माणूस दुरून लंगडा दिसे. तिसरीपासून मात्र हात बसला. कलावंतानं आपली खूण ठेवावी म्हणून प्रत्येक पिशवीवर मी लाल दोऱ्यानं एक कमळ काढलं.

"हा खेकडा कशाला?" मनुबाईनं विचारलं.

"कमळ आहे."

"मग त्याला नांग्या का?"

मी पिशवी उचलून घरात गेलो. कलेची चर्चा कुंपणावरून होत नसते.

शीड मोठं होतं, पिशव्या पुष्कळ झाल्या. मी गावात फुकट वाटल्या. इथं माझं चुकलं, कारण फुकट घेणाऱ्यांची तोंडं जास्त उघडतात. दोन दिवसांत बुडातून उसवलेल्या पिशव्या दारात येऊन पडू लागल्या. "मास्तर, एवढी नीट करून द्या." "मास्तर, तुमचा खेकडा सुटला." एकानं त्यात दगड भरले होते, दुसऱ्यानं जिवंत कोंबडी. तरी दोष माझ्या टाक्यांना! मी निमूट दुरुस्त करून देत होतो. निमूट म्हणजे शिव्या मनात. शिवणीत माझ्या खोट नव्हती, हे मी आजही सांगतो. लोकांना पिशवी वापरायची अक्कल नव्हती.

चौथ्या का पाचव्या दिवशी पदर खोचून सोनूबाई दारात उभी राहिली. मागं तिचा मुलगा शिवदास आणि लेक नलू.

"मास्तर, आमचं शीड कुठं हाय?"

"हे काय, सगळ्या गावाच्या हातात आहे," मी अभिमानानं म्हणालो.

सोनूबाई मटकन ओट्यावर बसली. शिवदासनं कपाळाला हात लावला. नलूनं तोंडावर पदर घेतला. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती, आणि हसता हसता रडत होती.

मग कळलं ते असं. ते कोरं पांढरं शीड मुंबईच्या कुणा शिंप्यानं वाकडं बेतलं होतं. वाऱ्यात होडी एका अंगाला ओढायचं, म्हणून ते बिनकामाचं. ठिगळांचं शीड सोनूबाईच्या मालकाच्या हातचं, मालक वारल्यानंतरही त्याच शिडावर होडी चालली होती. ते पिवळे डाग म्हणजे नलूच्या लग्नाची हळद. लग्न ठरलं की नवरीच्या घरच्या शिडाला पहिली हळद लावायची, आणि त्याच शिडावर तिला सासरी पोचवायची, अशी त्यांच्या घरातली रीत. नवरा मुरुडचा. त्याचा मामा नवरीला न्यायला आदल्या दिवशीच येऊन सोनूबाईच्या घरी मुक्काम ठोकून बसला होता आणि सारखा विचारत होता, "शीड दावा बघू. हळद दावा."

"दुसरं शीड चढवा ना," मी म्हणालो.

"हळद लागलेल्या कापडाचा तुकडा घराभायेर र्‍हायला, तर पोर अर्धी घरातच र्‍हायली म्हनतात," सोनूबाई म्हणाली. "मामा कसला माणूस हाय तुमाला ठाव न्हाय. एक ठिगळ कमी दिसलं तर लगीन मोडून परत जाईल. परवाच्या सकाळच्या भरतीला होडी सुटायला पायजे. तुमी कापलंय, तुमी जोडा."

"पण मला काय माहीत—"

"मास्तर," नलू म्हणाली, "माझ्या लग्नाचं शीड गावात भाजी आनाया फिरतंय. आता तुमी फिरा."

मी फिरलो. सांगतो, दान दिलेली वस्तू परत मागण्याएवढं हलकं काम जगात नाही. मनुबाईनं तिच्या पिशवीत कापूस भरून उशी केली होती. "यावर मला झोप लागते, देणार नाही," म्हणाली. दोन दिवसांपूर्वी हिचीच तक्रार होती की कापड टोचतं! शेवटी मी माझी उशी दिली तेव्हा खेकडा सुटला. सिराजुद्दीननं आगोटीचे कांदे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, माझ्या पिशव्यांत भरून माळ्याला टांगले होते.

"मास्तरसाहेब, हे कांदे मी आता कुठं ठेवू? तुमच्या टोपीत?"

"लग्नाचा प्रश्न आहे, सिराजुद्दीनभाई."

"तर अगोदर सांगायचं! महेरुन्निसा, कांदे उतर!" आणि त्यानं नुसते कांदेच उतरवले नाहीत, तर इतर घरांत माझ्याबरोबर येऊन आरडाओरडा केला. माणूस तोफ होता, हे मशीनच्या वेळी मला कळलं नव्हतं.

इकडे आमच्या अंगणात शिवणीचा कारखाना उघडला. मी उसवायचं, सोनूबाई, कोकिळा आणि नलूनं जोडायचं. नवरी मुलगी स्वतःचं लग्न टाका टाका शिवत बसली होती. सोनूबाईचा हात झरझर चाले. दोरा ओढताना ती माझ्याकडं अशी बघे, की दोरा जणू माझ्याच नरड्याभोवती आहे. कमळं उसवायला वेळ नव्हता. शिडावर जागोजाग लाल खेकडे चालत होते. मामा कुंपणाबाहेरून डोकावला तेव्हा सोनूबाई न अडखळता म्हणाली, "नवरीच्या शिडावर हे काढावं लागतं. मास्तर बोटीचे हाईत, त्यांच्याकडून काढून घेतलं." मामानं मान डोलावली. माझ्या कलेचं कौतुक झालं ते असं, खोट्या साक्षीनं.

जोडून झालं आणि मधोमध एक चौकोनी भोक राहिलं.

एक पिशवी कमी! आठवून आठवून डोकं फुटलं. तेवढ्यात कोकिळा म्हणाली, "अहो, चंदर गुरवानं नेली होती ना? 'वांगी आणायला देता का' म्हणून?"

चंदर गुरव आमच्या देवळात घंटा वाजवतो. वांगी आणायला तो गेला नव्हता. खाडीच्या काठी साचलेलं मीठ उचलायला गेला होता, आणि सकाळीच शिपायांनी त्याला धरून नाक्यावरच्या फौजदारासमोर उभं केलं होतं. पिशवी मुद्देमालात. आणि शिपाई गावभर विचारत होते की हा लाल खेकडा कोणाचा?

 मीठ उचलणं हा सरकारच्या लेखी गुन्हा. समुद्र सरकारचा नाही, पण समुद्र वाळल्यावर जे उरतं ते सरकारचं. मीठ उचलणाऱ्याला पिशवी पुरवणारा काय समजला जाईल, ते मला समजत होतं. कोकिळा म्हणाली, "जाऊ नका." शिवदास म्हणाला, "उद्याच्या पहाटे होडी तयार असंल, भरती भरली की सुटनार, मागं थांबनार न्हाय."  सोनूबाई भोकाकडं बघत बसली. त्या भोकातून पलीकडची नलू दिसत होती.

सकाळी मी नाक्यावर गेलो. हो, भीत भीत गेलो. आमच्या गावात न भिता जाणारा दुसरा कोणी असेल तर त्यानं पुढं यावं.

फौजदार टेबलावर माझी पिशवी ठेवून बसला होता. बाजूला चंदर, गळ्यात कालचा सुकलेला हार. खाली मान घातलेला एक शिपाई.

"खेकडा तुमचा?" फौजदार म्हणाला.

"कमळ आहे. हो, माझं."

"बसा." त्यानं पिशवी उलटी केली. त्यातून काहीही पडलं नाही. "बघितलंत? काल मी अलिबागेला वर्दी पाठवली की मीठ पकडलं. आज साहेब बघायला येताहेत. आणि हा शिपाई काठापासून इथवर पिशवी हाताला लटकवून घेऊन आला, तर मीठ वाटेत गळून गेलं! रस्ताभर पांढरी रेघ, आणि गावच्या म्हशींनी तीही चाटून टाकली. साहेब म्हणणार, फौजदारानं मीठ विकलं!"

मी पिशवीचं बूड पाहिलं. कडेचा टाका सुटला होता. एकच. तोही शिपायानं झोके देत चालल्यामुळे, यात मला शंका नाही.

फौजदार पुढं वाकला. "मास्तर, तुम्ही शहाणे माणूस. लिहून द्या की पिशवी तुमच्या हातची आहे आणि तिची शिवण वाईट आहे. मी सुटलो, शिपाई सुटला. मीठच नाही म्हटल्यावर खटला नाही, म्हणजे हा घंटावालाही सुटला. पिशवी घेऊन जा. मला तिचं तोंड बघायचं नाही."

"मास्तर, सही करू नका!" चंदर ओरडला. "मला सुटायचं नाहीये! मी तुरुंगात जाणार म्हणून देवळापुढं भाषण करून आलोय! आईनं ओवाळलंय मला!"

"गप रे!" फौजदार गरजला आणि त्यानं कागद पुढं सरकवला. आधीच लिहून ठेवला होता. 'सदर पिशवी मी स्वहस्ते शिवली असून तिची शिवण अत्यंत निकृष्ट, मीठदेखील न टिकणारी अशी आहे.'

रक्त डोक्यात गेलं. मी फसवणूक केली असती, चोरी केली असती, तर सही केली असती. पण हे!

"शिवण निकृष्ट नाही," मी म्हणालो. "वापर निकृष्ट आहे."

"लिहिलंय ते लिहिलंय."

"निदान 'अत्यंत' काढा."

"साहेब 'अत्यंत' वाचल्याशिवाय विश्वास ठेवत नाहीत."

"मग 'मीठदेखील' काढा. मीठ ही बारीक वस्तू आहे. मिठासाठी पिशवी वेगळी शिवावी लागते."

"मास्तर!" बाहेरून शिवदासची हाक आली. "भरती भरली! पानी काठाला लागलं! मामा होडीत जाऊन बसलाय आन् शीड चढवा म्हनतोय!"

"मास्तर, देशाकडं बघा!" चंदर म्हणाला.

"मास्तर, माझ्या नोकरीकडं बघा!" शिपाई पहिल्यांदाच बोलला.

मी कोणाकडं बघितलं ते सांगतो. खिडकीतून धक्का दिसत होता. होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, नलू उभी होती, हळदीच्या लुगड्यात, आणि ती नाक्याकडं बघत होती. मी सही केली. 'अत्यंत'सकट, 'मीठदेखील'सकट. जाताना चंदरनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्याच्या बापाचं शेत बुडवलं होतं. आजतागायत तो माझ्याशी बोलत नाही. सुटका झालेला माणूस इतका रागावलेला मी पाहिला नाही.

पिशवी छातीशी धरून मी धक्क्यावर धावलो. ओहोटी लागायला आली होती. शिवदासनं मला होडीत ओढलंच. कोकिळा आधीच आत बसलेली. सोनूबाईनं दाभण माझ्या हातात कोंबलं. "शिवा. तुमचंच भोक हाय."

आणि मी भर होडीत, हलत्या पाण्यावर, मामाच्या नजरेखाली, तो शेवटचा तुकडा शिवला. तीन बाजू शिवल्या, चौथी शिवली. बोटातून रक्त आलं ते त्याच कापडाला पुसलं. सोनूबाईनं डब्यातली हळद काढून त्यावर हात फिरवला.

"आता झालं?" मामानं विचारलं.

"झालं."

शीड चढलं. वारा आला आणि ते एकदम पोटभर फुगलं. होडी खाडीतून बाहेर पडली. वऱ्हाडातलं कोणीही नवरीकडं बघत नव्हतं. सोनूबाई, शिवदास, कोकिळा, सगळे माझ्या चौकोनाकडं बघत होते. मीही बघत होतो. सरकारी कागद माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. अलिबागच्या किल्ल्याजवळ वारा वाढला. शीड कण्हलं. कोकिळेनं माझं मनगट धरलं. चौकोन ताणला, अजून ताणला, आणि टिकला. एक टाका हलला नाही. मी उठून सगळ्यांना सांगणार होतो, तोच वर टर्रकन आवाज झाला.

माझ्या चौकोनाच्या शेजारची शिवण हातभर उसवली होती. त्या शिवणीचे टाके मी ओळखत होतो. झरझर घातलेले, लांब लांब.

शिवदासनं शीड खाली घेतलं. मामा ताठ झाला.

"हे काय? नवरीच्या शिडाला फाट? कोनाच्या हातची शिवण ही? घरातल्या कोनाची असंल तर अपशकुन हाय, मला आत्ताच सांगा."

सोनूबाईचा चेहरा पांढरा पडला.  एवढी तोंडाची बाई, पण शब्द नाही. नलूनं डोळे मिटून घेतले होते. होडी नुसती हेलकावत होती.

माझा टाका टिकला होता. आयुष्यात पहिल्यांदा माझा टाका सर्वांच्या देखत टिकला होता, आणि साक्षीला भरलेली होडी होती.

"माझ्या हातची," मी म्हणालो. "घरातल्या कोणाची नाही. माझी शिवण अत्यंत निकृष्ट असते, मीठदेखील टिकत नाही. खोटं वाटत असेल तर सरकारात लेखी आहे."

मामानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग समाधानानं मागं रेलून त्यानं विडी पेटवली. "तरीच," तो म्हणाला. "बाहेरच्या माणसाला कशाला शिवाया दिलं, सोनूबाई?"

मी दाभणात दोरा ओवला आणि गुडघ्यांवर शीड घेऊन बसलो. सोनूबाई शेजारी सरकली. तिनं कापडाची दुसरी कड माझ्यासाठी ताणून धरली.

नलूचा संसार आता मुरुडला सुखात चालला आहे, तेव्हा छापून सांगायला हरकत नाही. ती शिवण सोनूबाईची होती.